पहिली रेटिंग टुर्नामेंट: चाली पाठ आहेत, पण हाताचं काय?

मुलीला बुद्धिबळाच्या टुर्नामेंटला सोडायचं आणि हॉलबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर चार चार तास बसायचं, असे सात-आठ रविवार झाल्यावर मी म्हटलं, नुसतं बसण्यापेक्षा आपणही फॉर्म भरू. वय ४१, रेटिंग (म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) काही नाही, लहानपणी आजोबांशी खेळलेले डाव आणि मोबाईलवर रात्री जेवण झाल्यावर खेळलेले दहा दहा मिनिटांचे गेम, एवढंच भांडवल. आमच्याकडे २०२५ च्या जुलैमध्ये बुद्धिबळ घुसलं, दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला महिला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि नागपूरची मुलगी एका फटक्यात ग्रँडमास्टर झाली तेव्हा. लेक ते बघून बसली पटावर, आणि तिच्या मागे मी.

तर पहिली टुर्नामेंट खेळणाऱ्या मोठ्या माणसांसाठी हे लिहितेय. मुलांना कोच सगळं सांगतो, आपल्याला कोण सांगणार. मी महिनाभर ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करत बसले आणि पहिल्याच डावात हरले ते ओपनिंगने नाही, हाताने. दोनदा. एकदा सहाव्या चालीला आणि एकदा अठ्ठावन्नाव्या. दोन्ही सविस्तर सांगते, मध्ये मध्ये बाकीचं.

फॉर्म भरताना

टुर्नामेंटचं माहितीपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ फिरतं, त्याला सगळे प्रॉस्पेक्टस म्हणतात. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, बक्षिसांची यादी सोडून. बघायचं काय, तर टाईम कंट्रोल, म्हणजे प्रत्येकाला मिळणारी वेळ, किती, एकूण राऊंड किती, दिवसाला किती, उशीर झाला तर किती मिनिटं चालतं, घड्याळ आणि पट आपण न्यायचा का ते देतात. बऱ्याच ठिकाणी घड्याळ आपलं आपण न्यावं लागतं आणि नवीन माणसाला हे तिथे गेल्यावर कळतं. ऑल इंडिया चेस फेडरेशनची नोंदणी लागते, ती ऑनलाईन होते, ती आठवडाभर आधीच उरकून टाका, आदल्या रात्री ओटीपी येत नाही म्हणून रडायची वेळ आणू नका.

रेटिंगचं थोडक्यात. फिडेचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेचं, रेटिंग आता १४०० पासून सुरू होतं. १ मार्च २०२४ च्या आधी १००० पासून होतं, त्यामुळे जुनी माणसं अजून "बाराशेवाला" वगैरे बोलतात ते मनावर घेऊ नका. पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी निदान पाच गेम व्हावे लागतात, ते एकाच टुर्नामेंटमध्ये व्हायला पाहिजेत असं नाही, २६ महिन्यांत जमले तरी चालतात, पण पहिल्याच टुर्नामेंटमध्ये त्यांच्याविरुद्ध भोपळा आला तर ते गेम धरतच नाहीत. म्हणजे एक तरी ड्रॉ पाहिजे! क्लासिकल (लांब डाव), रॅपिड (झटपट), ब्लिट्झ (त्याहून झटपट) तिन्हीचं रेटिंग वेगळं. पहिली टुर्नामेंट क्लासिकलच खेळा असं माझं मत, रॅपिडमध्ये विचार करायलाच वेळ नाही आणि शिकायलाही नाही.

पद्धत बहुतेक सगळीकडे स्विस. कोणी बाद होत नाही, हरलात तरी पुढचा राऊंड आहेच, आणि दर राऊंडला साधारण तुमच्याएवढेच पॉइंट असलेला माणूस समोर येतो. पहिल्या राऊंडला सगळ्यांची रेटिंगप्रमाणे यादी लावून मधोमध कापतात, म्हणजे २०० जण असतील तर पहिला १०१ शी, दुसरा १०२ शी, असं. बिनरेटिंगवाले तळाला असतात, त्यामुळे त्यांना पहिल्यांदा यादीच्या मधलं कोणीतरी मिळतं. मला मिळाली चौदाशेच्या वरची एक मुलगी. वय असेल अकरा. खुर्चीवर गुडघे दुमडून बसलेली, कारण तशी बसल्याशिवाय तिचा हात पटाच्या पलीकडच्या टोकाला पोचत नव्हता.

महिनाभर आधी काय करायचं

ओपनिंग एकच ठरवा पांढऱ्याने आणि एकच काळ्याने, सहा-सात चालींपर्यंत, आणि बंद करा ते पुस्तक. खरी तयारी वेगळी आहे. मोबाईलवर आपण पट वरून बघतो, सपाट, आणि टुर्नामेंटला तो समोरून तिरका दिसतो, उंटाच्या मागे काय दडलंय ते मान वर केल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे निदान पाच-सहा डाव खऱ्या पटावर खेळा, खऱ्या घड्याळाने, कागदावर चाली लिहीत. घरात कोणी नसेल तर लीचेस या साईटवर लांब गेम लावा आणि प्रत्येक चाल आधी समोरच्या पटावर करा मग मोबाईलवर. वेड्यासारखं वाटतं. पण उपयोग होतो.

आणि शेवटचा खेळ, म्हणजे एंडगेम, तो करा. राजा-वजीराने मात, राजा-हत्तीने मात, आणि राजा आणि एक प्यादं विरुद्ध नुसता राजा. हे तीन झोपेत यायला पाहिजेत. मला तिसरं "येत होतं". पुढे कळेलच कसं येत होतं ते.

सकाळी

पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते, चेस-रिझल्ट्सच्या साईटवर लागतं आणि हॉलच्या भिंतीवरही चिकटवतात. तिथे बोर्ड नंबर आणि रंग बघायचा, दोन्ही, फक्त बोर्ड बघून लोक चुकीच्या बाजूला जाऊन बसतात. पेन दोन. पाणी. आतून एसी जोरात असला तर पातळ शाल किंवा जॅकेट, आणि मंगल कार्यालयाचा हॉल असला तर उलटं, रुमाल.

मोबाईल घरच्यांकडे द्या नाहीतर आयोजक सांगतील तिथे बंद करून ठेवा. सायलेंट नाही, बंद. डाव चालू असताना तुमच्याजवळ चालू मोबाईल सापडला तर डाव गेला, तो वाजला की नाही हा प्रश्नच नाही. स्मार्टवॉचलाही तेच लागू. आमच्या शेजारच्या बोर्डावरच्या एका काकांनी ते हातावर ठेवलं होतं, पावलं मोजायला म्हणे, आर्बिटरनी, म्हणजे पंचांनी, राऊंडच्या आधीच बघितलं म्हणून वाचले.

बसलात की पट नीट आहे का बघा, उजव्या हाताला पांढरं घर, पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्यात. मग शेकहँड, आर्बिटर सांगतील तेव्हा काळ्याने घड्याळ दाबायचं, म्हणजे पांढऱ्याची वेळ सुरू. मी काळी होते, मीच दाबलं, आणि पहिल्यांदा हात थरथरला तो तिथे.

शिवलं की चालवायचं

आता हे महत्त्वाचं. घरी आपण काय करतो, घोडा उचलतो, हवेत धरतो, "नको नको" म्हणतो आणि परत ठेवतो. टुर्नामेंटमध्ये जी सोंगटी मुद्दाम शिवलात ती चालवावी लागते, तिला एखादी तरी नियमात बसणारी चाल असेल तर. समोरच्याची शिवलात आणि ती मारता येत असेल तर मारावी लागते. सोडलीत हातातून की झालं, पण हातात असेपर्यंत तीच सोंगटी दुसऱ्या घरात ठेवायला हरकत नाही. कुठली तिरकी बसलीय, सरळ करायचीय, तर आधी तोंडाने "अ‍ॅडजस्ट" म्हणायचं मग हात लावायचा, आणि तेही आपली चाल असताना. आधी हात लावून नंतर म्हणालात तर त्याला काही अर्थ नाही.

हे सगळं मला माहीत होतं हो. वाचलं होतं. तरी काय झालं बघा.

(अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी.) तिने प्यादं ई४, मी ई५, तिने घोडा एफ३, मी घोडा सी६, मग तिचा उंट सी४, माझा सी५. या ओपनिंगला इटालियन म्हणतात. तिने सी३, मी घोडा एफ६, तिने डी३, मी डी६, आणि तिने कॅसलिंग केलं, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवले. हे सगळं मला पाठ, पुढची माझी चालही पाठ, मीपण कॅसलिंग. तर मी हात पुढे केला, हत्ती उचलला, एफ८ वर ठेवला, आणि राजाकडे हात नेला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता हात वर केला, शाळेत करतात तसा.

आर्बिटर आले. तिने हळू आवाजात सांगितलं, "सर, काकूंनी आधी हत्तीला हात लावला." सरांनी मला विचारलं, मॅडम बरोबर आहे का. बरोबरच होतं, काय सांगणार. कॅसलिंग ही राजाची चाल आहे, राजा आधी शिवायचा, दोन घरं सरकवायचा, मग त्याच हाताने हत्ती पलीकडे. हत्ती आधी शिवला की त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला करता येत नाही आणि हत्ती हलवावाच लागतो. माझा तर एफ८ वर ठेवून सोडलेला, म्हणजे तीच चाल, आणि एकदा हत्ती हलला की त्या बाजूचं कॅसलिंग कायमचं गेलं. राजा मधोमध, हत्ती एफ८ वर, आणि मी सहाव्या चालीला घामाघूम.

हत्ती आधी का उचलला तर आजोबांची सवय. ते देशी पद्धतीचे, राजाने एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची असा त्यांचा नियम, आंतरराष्ट्रीय नियमाने कॅसलिंग त्यांनी नंतर शिकून घेतलं आणि हत्ती आधी नेऊन मग राजा त्याच्यावरून उडवायचे. मी तेच बघत वाढले. आणि मोबाईलला फरक पडत नाही, तो समजून घेतो. म्हणून म्हणते खऱ्या पटावर सराव करा, आणि कॅसलिंग तर दहा वेळा नुसतं हाताने करून बघा, राजा-हत्ती, राजा-हत्ती, एका हाताने.

उलट बाजूही लक्षात ठेवा. समोरच्याने सोंगटी शिवून दुसरीच चालवली आणि तुम्हाला तक्रार करायचीय, तर ती स्वतःची सोंगटी शिवायच्या आधी करायची. एकदा तुम्ही चालीला हात घातलात की हक्क गेला. आणि समोरच्याशी वाद घालायचा नाही, हात वर करायचा, घड्याळ थांबवायचं, आर्बिटर येतात. ती मुलगी अकरा वर्षांची होती आणि तिने हे इतकं शांतपणे केलं की मला राग यायलाही जागा नव्हती.

घड्याळ आणि कागद

आमचा टाईम कंट्रोल होता ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद जादा, त्याला इन्क्रिमेंट म्हणतात. साठ चालींचा डाव धरला तर ३० मिनिटं त्यातूनच मिळतात, म्हणजे माणशी दोन तास, डाव चार तास. हा हिशोब डोक्यात पाहिजे कारण नवीन माणूस भसाभसा खेळतो, वेळ संपेल या भीतीने, आणि शेवटी हरतो तेव्हा घड्याळात पाऊण तास शिल्लक.

ज्या हाताने चाल त्याच हाताने घड्याळ. डाव्या हाताने दाबायला टपून बसायचं नाही. नियमाबाहेरची चाल करून घड्याळ दाबलंत, म्हणजे समजा शह असताना दुसरंच काहीतरी चाललात, तर पहिल्यांदा समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, दुसऱ्यांदा डाव गेला. क्लासिकलचा हा हिशोब. प्यादं शेवटच्या घरात नेऊन त्याच्या जागी वजीर न ठेवताच घड्याळ दाबलं तरी ती चूकच धरतात. आणि घरी आपण दुसरा वजीर नसला की हत्ती उलटा ठेवतो ना, तिथे उलटा हत्ती म्हणजे हत्तीच! वजीर मिळत नसेल तर घड्याळ थांबवा आणि आर्बिटरकडून मागून घ्या, लाजायचं काही नाही.

कागद, म्हणजे स्कोअरशीट. प्रत्येक चाल लिहावीच लागते, तुमची आणि समोरच्याची, आणि ३० सेकंदांचा इन्क्रिमेंट असेल तर वेळ कितीही कमी उरली तरी शेवटपर्यंत. आधी चाल करायची, मग लिहायची. मी सुरुवातीला आधी लिहून मग विचार करत होते, सर येऊन सांगून गेले की असं चालत नाही, मनातली चाल कागदावर उतरवून ठेवणं म्हणजे टिपणं काढण्यासारखं झालं. घोड्यासाठी एन लिहायचं, के नाही, के राजाने आधीच घेतलाय. काळ्याने खेळताना ए ते एच उलटे दिसतात, पटावर अक्षरं छापलेली असतात ती बघत जा, नाहीतर चाळीसाव्या चालीला कागद आणि पट यांची गाठच पडत नाही.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, मी शेजारच्या पोराकडे बघून शिकले. तो दर चार-पाच चालींनी बाजूला घड्याळातली मिनिटं लिहीत होता. हे चालतं. मीपण लिहायला लागले आणि त्यानेच पुढे माझं बिंग फुटलं.

ड्रॉ मागायचा कसा

पद्धत अशी: आधी आपली चाल करायची, मग "ड्रॉ?" म्हणायचं, मग घड्याळ दाबायचं. समोरचा विचार करत असताना मध्येच विचारायचं नाही, आणि नाही म्हटल्यावर दर दोन चालींनी तर अजिबात नाही, ते त्रास देणं होतं. विचारलं की कागदावर त्या चालीपुढे बरोबरचं चिन्ह लिहायचं. समोरचा तोंडाने नाही म्हणेल किंवा नुसती चाल करेल, दोन्हीचा अर्थ नाही.

तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि चालही त्याच माणसाची असेल तर ड्रॉ मागता येतो, पण तुम्ही स्वतःच ती आणणार असाल तर चाल पटावर करायची नाही, नुसती लिहायची, घड्याळ थांबवून आर्बिटरला बोलवायचं. लोक चाल करून घड्याळ दाबून मग बोलावतात आणि हक्क घालवून बसतात.

अठ्ठावन्नावी चाल

मधला डाव सांगत नाही, तो काही फार सांगण्यासारखा नव्हता. मी वजीराच्या बाजूला कॅसलिंग करून राजा कसाबसा हलवला, वजीर कटले, घोडे कटले, तिचं एक प्यादं जास्त झालं, आणि तीन तासांनी पटावर उरलं काय, तर तिचा राजा ई४ ला, प्यादं डी४ ला, हत्ती डी५ ला, आणि माझा राजा ई७ ला, हत्ती ए५ ला. बाकी काही नाही. मी हत्तीने हत्ती मारला, तिने राजाने मारला, तिचा राजा डी५ वर. मी राजा डी७ ला नेला, समोरासमोर, मध्ये एक घर. ही स्थिती मला येत होती, हिला ऑपोझिशन म्हणतात, दोन राजे एक घर सोडून समोरासमोर आणि चाल तिची, म्हणजे तिला पुढे घुसता येत नाही. हा ड्रॉ आहे. मला माहीत होतं की हा ड्रॉ आहे. मनात पहिल्या अर्ध्या पॉइंटचे लाडू फुटायला लागले.

तिने राजा ई५, मी ई७. तिने प्यादं डी५, मी राजा डी७. तिने प्यादं डी६. आता तुम्ही खरंच पट काढा आणि मांडा: पांढरा राजा ई५, प्यादं डी६, काळा राजा डी७, चाल काळ्याची. माझ्या राजाला चारच घरं: सी६, सी८, डी८, ई८. ड्रॉ एकाच घरात आहे. डी८, सरळ मागे. कारण मग तिचा राजा ई६ ला आला तर मी ई८ ला जाते, पुन्हा समोरासमोर, तिने प्यादं डी७ शह दिला की मी डी८, आणि आता तिला प्यादं वाचवायला राजा डी६ लाच आणावा लागतो आणि मला हलायला घरच नाही, शहही नाही. स्टेलमेट. ड्रॉ. (तिचा राजा डी५ ला आला तर मी परत डी७, तेच चक्र.)

आणि ई८ ला गेलं तर? तिचा राजा ई६, आता चाल माझी, मला ऑपोझिशन सोडावं लागतं, राजा डी८, तिने प्यादं डी७, शह नाही, मला सी७ ला जावंच लागतं, तिचा राजा ई७, आणि पुढच्या चालीला वजीर. एका घराचा फरक. सी८ ला गेले असते तरी हेच.

मी ई८ ला गेले. का गेले? तिचा राजा माझ्या डावीकडे होता म्हणून त्याच्या समोर उभं राहायचं, इतकंच डोक्यात. समोरासमोर म्हणजे चांगलं, हे अर्धवट पाठ. पण मध्ये दोन घरं होती, एक नाही, आणि आता ती पुढे आली की चाल माझीच येणार हे मोजलंच नाही. मोजायला लागतात दहा सेकंद. आता कागद बघा, सत्तावन्नाव्या चालीपुढे माझ्या अक्षरात लिहिलंय ३४, मिनिटं. अठ्ठावन्नाव्या चालीपुढेही ३४. म्हणजे मी इन्क्रिमेंटचे ३० सेकंदसुद्धा वापरले नाहीत, डोक्याला विचारायच्या आधी हाताने राजा उचलला आणि ठेवला.

तिने मात्र घेतली वेळ. जिंकणारी चाल समोर दिसत असताना तीन-चार मिनिटं दोन्ही हात मांडीखाली घालून बसली होती, मग राजा ई६. पुढे प्यादं डी८ ला नेलं, उचललं, बाजूला पडलेला वजीर त्या घरात ठेवला आणि मग घड्याळ. अगदी क्रमाने. मी घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. हरलो असं सांगायची पद्धत एवढीच आहे, राजा आडवा पाडायची गरज नाही, सिनेमात दाखवतात.

डाव संपल्यावर

निकाल दोन्ही कागदांवर लिहायचा, दोघांनी दोन्हीवर सही करायची, आणि सही करण्याआधी निकाल बरोबर लिहिलाय का बघायचं, जिंकलेला माणूस घाईत हरल्याच्या निकालावर सही करून येतो असंही होतं. वरची प्रत आयोजकांना, खालची कार्बनची आपली. सोंगट्या परत मांडून ठेवायच्या पुढच्यासाठी. हॉलमध्ये कुजबुजसुद्धा नको, बाकीचे खेळतायत.

बाहेर आलात की समोरच्याला विचारा, डाव बघूया का. बहुतेक जण हो म्हणतात. आम्ही जिन्यातल्या कठड्यावर तिचा गुंडाळायचा पट पसरून बसलो, तिची आई डबा उघडून "आधी खाऊन घे" म्हणत उभी. मी माझ्या कॅसलिंगची कहाणी सांगायला लागले तर तिला त्यात काही रस नव्हता. ती म्हणाली, "काकू, तो हत्ती ठीक होता, तुम्ही तर नंतर बरोबरीत आणलं होतं. राजा सरळ मागे न्यायचा होता, डी८ ला. मग ड्रॉच." मग तिने ती स्थिती मांडली आणि माझ्याकडून दोनदा करून घेतली, एकदा बरोबर, एकदा चुकीची, पोळीचा घास तोंडात.

दुपारच्या राऊंडच्या आधी जेवा पण पोटभर नाही, आमटी-भात कमी, दही-पोळी, केळं असं काहीतरी, चार तास बसायचंय. हरल्यावर लगेच मोबाईलवर ब्लिट्झ खेळत बसू नका, हाताला तीच घाईची सवय लागते.

रात्री घरी डाव लीचेसच्या स्टडीमध्ये टाकला. कॉम्प्युटरचं विश्लेषण आधी बंद ठेवून स्वतः लिहा कुठे काय वाटलं, मग चालू करा. माझ्या बाबतीत हत्ती कटल्यापासून ५७ व्या चालीपर्यंत शून्य-शून्य, म्हणजे बरोबरी, दाखवत होतं. लेक मागून डोकावून बघत होती, तिचे दोन पॉइंट झाले होते. म्हणाली, आई, तुझं अजून अनरेटेडच ना? मी म्हटलं चूप, आणि तिसऱ्या राऊंडची पेअरिंग लागली का ते बघायला सांगितलं. लागली होती. बोर्ड ९४, पांढरी.